कारण : पोटात दुखून

पावसाळ्यातले मृत्यू आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास येतात. माणूस गेला की लगेच त्याच्या दारात फॉर्म घेऊन उभं राहायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. दहावं-तेरावं उरकू द्यायचं, वर महिना-दोन महिने जाऊ द्यायचे. फार उशीरही करून चालत नाही, कारण वर्ष उलटलं की ताप आधी आला होता की जुलाब, हे घरच्यांनाच आठवेनासं होतं. त्यामुळे आषाढ-श्रावणात गेलेल्यांची घरं आम्ही भातकापणीच्या दिवसांत गाठतो. तेव्हा सगळं घर खाचरात असतं. मग सकाळी उजाडता उजाडता जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर.

मी एका लहानशा आरोग्य-संशोधन संस्थेत फील्ड सुपरवायझर आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, गावांचीही नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेचा, हिरड्याचा आणि भाताचा पट्टा, एवढं पुरे. पुढे जी हकीकत सांगणार आहे तिच्यातल्या ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. काम असं: ठरवून दिलेल्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, आणि मृत्यू झालेल्या घरी जाऊन 'व्हर्बल ऑटॉप्सी' करायची. ऑफिसात आम्ही नुसतं व्हीए म्हणतो. 'आज किती व्हीए झाल्या?' असं एकमेकींना विचारतो तेव्हा बाहेरच्याला काही कळत नाही, आणि ते बरंच आहे. माझ्या आईची अजून समजूत आहे की मी विम्याच्या कंपनीत आहे.

व्हीए म्हणजे मेलेल्या माणसाच्या शेवटच्या आजाराची चौकशी, त्याच्या जवळच्या माणसाकडे. कोणी उठवलं-बसवलं, कोणी पाणी पाजलं, त्याच्याशी बोलायचं. घरातला कर्ता पुरुष पुढे येऊन उत्तरं द्यायला लागतो, पण रात्र-रात्र उशाशी बसलेली सून किंवा आई चुलीपाशी असते. तिला ओट्यावर आणून बसवायचं, हे अर्धं काम. एकदा ती बोलायला लागली की बाकीचे गप्प होतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आपल्याकडे माणसं कशाने मरतात हे कागदावर नसतं म्हणून. मृत्यूची नोंद हल्ली बऱ्यापैकी होते. ग्रामपंचायतीत 21 दिवसांत कळवायचं असतं, दाखला मिळतो, वारसाच्या नोंदीला तो लागतोच. पण दाखल्यावर कारण नसतं. आणि कारण डॉक्टरने लिहून दिलंय, असे मृत्यू थोडेच. 2020 साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांचं कारण वैद्यकीय पद्धतीने प्रमाणित झालं होतं. तेही मुख्यत्वे दवाखान्यात गेलेल्यांचं. घरी, शेतात, जीपमध्ये, घाटात गेलेल्यांचं कारण ग्रामसेवकाच्या वहीत 'म्हातारपण', 'ताप', 'हार्टअटॅक' असलं काहीतरी. पन्नाशीच्या आतला पुरुष अचानक गेला की आमच्या पट्ट्यात तो हार्टअटॅकच असतो.

ही पद्धत काही परदेशातून तयार होऊन आलेली नाही, हे मला नवीन मुलांना सांगायला आवडतं. पंजाबात लुधियाना जिल्ह्यात 1950 च्या दशकात खन्ना अभ्यास झाला, पुढे त्याच भागात नारंगवालचा प्रकल्प. घरोघरी जाऊन नातेवाइकांकडून मृत्यूचं कारण शोधायची रीत तिथे घडली, आणि 'व्हर्बल ऑटॉप्सी' हे नावही नारंगवालच्याच लोकांचं मानतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात 1966 पासून गावांतले जन्म-मृत्यू असेच नोंदवत आलेत. आणि आपल्याकडे गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी गावोगावचे बालमृत्यू मोजले, ते कशाने झाले हे घरात बसून विचारलं, आणि मग न्यूमोनियावर, पुढे नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर काम केलं. अक्षरओळख नसलेल्या दाईला श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. 1999 मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: घरी जाऊन केलेल्या देखभालीने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, ताप बघते, ती त्याच कामाची पुढची पायरी. तो परिणाम सिद्ध करायला प्रत्येक मेलेलं बाळ कुणीतरी मोजलेलं असावं लागतं, अगदी न रडताच गेलेलं, ज्याचा घरात उच्चारही होत नाही तेसुद्धा. मला गडचिरोलीच्या कामातलं हे सगळ्यात अवघड वाटतं. औषध देणं त्या मानाने सोपं.

देशपातळीवर हेच काम महानिबंधकांच्या कार्यालयामार्फत झालं. नमुना नोंदणी योजना म्हणजे निवडलेल्या घरांतले जन्म-मृत्यू सरकार सतत नोंदवतं ती; तिच्यातल्या लाखो घरांत 2001 पासून पुढे मृत्यूंची चौकशी झाली. त्याला 'मिलियन डेथ स्टडी' म्हणतात. टोरांटोचे डॉ. प्रभात झा त्याचे प्रमुख संशोधक. फॉर्म भरणारे डॉक्टर नव्हते, जनगणना खात्याचे कर्मचारी होते. भरलेला फॉर्म दोन डॉक्टर वेगवेगळे वाचायचे, एकमेकांना न विचारता कारण ठरवायचे. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर परत बघायचे, तरीही नाही जुळलं तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निकाल द्यायचा. आमची लहान संस्थाही हीच पद्धत वापरते.

फॉर्मचे दोन भाग. पहिल्यात हो-नाहीचे प्रश्न. ताप होता का, किती दिवस. खोकल्यातून रक्त. अंगाला सूज. बिडी, तंबाखू, मिश्री. अपघात झाला होता का. साप, विंचू, कुत्रा चावला होता का. दुसऱ्या भागात मोकळी जागा. तिथे घरच्यांच्या तोंडून आलेली हकीकत लिहायची, जशी सांगितली तशी, त्यांच्याच भाषेत. या मोकळ्या जागेवरून माझं आणि ऑफिसचं वाजलंय. ते पुढे येईलच.

चोवीस-पंचविशीतला एक मुलगा होता. आमच्या नव्या कार्यकर्त्याने त्याची व्हीए केली होती. दहापैकी एखाद्या घरी सुपरवायझरने स्वतः परत जायचं असतं, त्यात हे घर माझ्या वाट्याला आलं. मी जाण्याआधी त्याने भरलेला फॉर्म वाचला. ताप नाही, खोकला नाही, अपघात नाही, साप-विंचू नाही, पोटदुखी हो, उलटी हो. मोकळ्या जागेत एकच ओळ: 'पहाटे पोटात दुखून सकाळी मृत्यू.' चूक काहीच नव्हती. आईने सांगितलं ते त्याने लिहिलं होतं.

मी गेले तेव्हा ती बाई अंगणात नाचणी झोडत होती. कुडाच्या भिंतीचं घर, पुढे पडवी. आधी इकडचं-तिकडचं बोललो. यंदा भात कसं आलं, हिरड्याला भाव काय. मग मी म्हटलं, "मावशी, आदल्या रात्रीपासनं सांगा."

आमच्या प्रशिक्षणात यावर खूप भर असतो. 'काय झालं होतं?' विचारलं की माणूस निष्कर्ष सांगतो. 'आदल्या रात्रीपासून सांगा' म्हटलं की रात्र सांगतो.

"रात्री झ्याक जेवला," ती म्हणाली. "भाकर, सुकट, भात. लावनीचं दिस, अंग आंबल्यालं. पडवीत घोंगडी टाकून निजला. पहाटं कोंबडं आरवायच्या आधी उठला, म्हनला, आये, पोटात कळ मारतीय. मी ओवा दिला, गरम पानी दिलं. म्हनलं काय तरी बाधलं असंल."

"मग?"

"मग ओकला. पुन्हा पानी दिलं तर गिळंना. घशातनं खाली जायना, नाकातनं आलं."

इथे मी पेन खाली ठेवलं. माझ्या मनात जे आलं होतं ते विचारायचं नव्हतं. 'डोळे मिटत होते का' असं विचारलं असतं तर तिने होच म्हटलं असतं. पोर गेलेल्या आईला तुम्ही जे विचाराल ते आठवतं. मी विचारलं, "तेव्हा बघत होता का तुमच्याकडं?"

"कुठला बघतोय. पापन्या वर व्हैनात. मला वाटलं रातची झोप ऱ्हायली म्हनून डोळा लागतोय. तर बोलायला लागला तं बोबडं. त्याचा बाप म्हनला, प्यालाय ह्यो. पर माझं पोरगं प्यायचं नाय, बाई. मान धरवंना. शुद्धीत हुता. माझा हात असा घट्ट धरला हुता."

भगताकडे नेलं, तिथून जीप मिळेपर्यंत उजाडलं. ग्रामीण रुग्णालयाच्या वाटेवर घाटात त्याचा श्वास थांबला. चालकाने नाडी बघितली आणि गाडी माघारी वळवली. दुपारी सगळं उरकलं.

सर्पदंशाबद्दल ज्याने थोडंफार वाचलंय त्याला एवढ्यात अंदाज आला असेल. मण्यार. नाग आणि घोणस चावली की कळतं. आग होते, सूज येते, घोणसाने तर पाय टम्म फुगतो, रक्त थांबत नाही. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते, उंदीर-पाली-दुसरे साप शोधत घरात येते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. दात बारीक, दंश दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. झोपेतला माणूस कूस बदलतो आणि परत झोपतो. पहाटे पोटात कळ, उलटी. मग विष नसांच्या टोकांवर चढतं: आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, जीभ जड होते, मान टाकली जाते, शेवटी श्वासाचे स्नायू. डोकं मात्र जागं असतं, त्याला सगळं ऐकू येत असतं. प्रतिविष लवकर मिळालं तर उपयोग होतो. उशीर झाला तर नुसत्या इंजेक्शनने पापण्या उघडत नाहीत, कारण नसांच्या टोकांना झालेली इजा भरून यायला दिवस लागतात. तेवढे दिवस कृत्रिम श्वास देत राहिलं तर माणूस उठून घरी जातो. घाटात जीपमध्ये तो श्वास कोण देणार.

मी मोकळ्या जागेत दीड पान लिहिलं. दोन डॉक्टरांकडे फॉर्म गेला. एकाने आधी पोटाचा तीव्र विकार लिहिला, दुसऱ्याने सरळ एक्स-20 हा संकेतांक, म्हणजे विषारी सापाचा दंश. दुसऱ्या फेरीत पहिल्यानेही हकीकत परत वाचली आणि एक्स-20 वर आला. पहिल्या भागातला 'साप: नाही' तसाच राहिला, कारण साप खरंच कुणी पाहिला नव्हता.

असे किती असतील? 'मिलियन डेथ स्टडी'तून सर्पदंशाचा आकडा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. 2005 या एका वर्षात भारतात सुमारे 46,000 मृत्यू. त्याआधी दवाखान्यांच्या नोंदींवरून जे अंदाज होते ते 1,300 पासून 50,000 पर्यंत कुठेही. म्हणजे अंदाज नव्हताच म्हणा. यातले 97 टक्के खेड्यातले, आणि 77 टक्के दवाखान्याबाहेर झालेले. हे 77 टक्के कुठल्याही रुग्णालयाच्या रजिस्टरात सापडणं शक्य नव्हतं. ते फक्त ओट्यावर सापडतात. पुढे 2020 मध्ये आलेल्या अभ्यासात 2000 ते 2019 या वीस वर्षांचे मिळून बारा लाख निघाले, वर्षाला सरासरी 58,000. या आकड्यांमुळे बऱ्याच गोष्टी हलल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला. 2024 मध्ये केंद्राने 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायची कृती योजना काढली, आणि त्याच वर्षी सर्पदंशाची सक्तीने नोंद करा असं राज्यांना कळवलं.

म्हणजे त्या मावशीने सांगितलेल्या रात्रीसारख्या हजारो रात्री कुणीतरी नीट लिहून घेतल्या, म्हणून दिल्लीत एक योजना निघाली. एवढं मला मान्य आहे, अभिमानही आहे.

आता ऑफिसचं. मध्यंतरी कागदी फॉर्म जाऊन टॅबलेट आले. ते बरंच झालं. पावसात कागद सांभाळणं म्हणजे शिक्षा होती. पण टॅबलेटमधला फॉर्म तयार करणाऱ्यांनी मोकळी जागा पाचशे अक्षरांवर आणली. कारण असं की पुढे डॉक्टरांऐवजी संगणकच हो-नाहीच्या उत्तरांवरून कारण ठरवणार, आणि संगणकाला गोष्ट वाचता येत नाही. डॉक्टर महाग, वेळ लावतात, एका डॉक्टरचं दुसऱ्याशी पटत नाही. मोठ्या संख्येने बघितलं तर संगणकाचं आणि डॉक्टरांचं गणित फारसं वेगळं येत नाही, असं आढावा बैठकीत पडद्यावर दाखवलं गेलं. ते खोटं नाही. हजारो मृत्यूंमध्ये हृदयविकार किती, जुलाब किती, हे कदाचित जवळपास सारखंच निघेल. पण हो-नाहीत मण्यार 'नाही'च्या रकान्यात जाते. मी बैठकीत तोच फॉर्म वाचून दाखवला, आधी पहिला भाग, मग हकीकत. वाचून झाल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही, आणि मग संगणकवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, पण अशा केसेस किती टक्के?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र मोकळ्या जागेशिवाय मिळणार नव्हतं, हे त्यालाही बोलता बोलता कळलं. आता मर्यादा दोन हजार अक्षरांची आहे. शिवाय हकीकत बोलून रेकॉर्ड करायची सोय झाली आहे, पण रेकॉर्डरकडे बघितलं की माणसं शाळेतल्यासारखी शुद्ध बोलायला लागतात आणि निम्मं गाळतात. मी हातानेच लिहिते.

हकीकतीवरही आंधळा विश्वास ठेवू नये, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी माझ्याच धंद्याची जाहिरात केल्यासारखं होईल. 2010 मध्ये याच मोठ्या अभ्यासातून मलेरियाचा आकडा आला: सत्तरीच्या आतले वर्षाला सुमारे 2,05,000 मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता 15,000. जोरदार वाद झाला. संघटनेचं म्हणणं, नुसत्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया ओळखता येत नाही. मला यात संघटनेची बाजू पटते, निदान अर्धी. थंडी वाजून ताप, घाम, दोन दिवसांनी बेशुद्ध. ओट्यावर बसून हे ऐकताना मलेरिया, मेंदूज्वर, लेप्टो कसं वेगळं करायचं? पण 15,000 हाही दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांवर बेतलेला आकडा होता, आणि ओडिशाच्या जंगलातला माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. दोघांच्या मधे कुठेतरी.

फवारणीच्या औषधाने झालेल्या मृत्यूंबद्दल इथे जास्त लिहीत नाही. घरचे 'पोटात दुखलं' सांगतात, आम्हाला माहीत असतं, त्यांना माहीत असतं की आम्हाला माहीत आहे. तरण्या पोरीच्या बाबतीत तर सगळी वाडी एकच वाक्य सांगते. तिथे हट्ट धरायचा नाही. शेजारची आशा आपणहून काही बोलली तर लिहायचं, नाहीतर 'पोटात दुखलं' लिहून उठायचं. देशाच्या आकड्यात तेवढी तूट राहू दे.

मण्यारीच्या घरी परत जायचं कारण नव्हतं. एक फॉर्म, एक फेरतपासणी, संपलं. पण त्या पोराचा थोरला भाऊ बाजारच्या दिवशी मला एसटी स्टँडवर भेटला. त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की शेतकरी साप चावून गेला तर सरकार दोन लाख देतं. खरं आहे ते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, खातेदाराच्या घरातलं माणूसही त्यात बसतं, सर्पदंशही बसतो. सातबारा बापाच्या नावावर. तो म्हणाला, "मॅडम, आई सांगत होती तुम्ही सगळं लिहून नेलंय. त्याची झेरॉक्स मिळंल का? तहसीलला लावतो."

मी त्याला काय सांगणार होते? तहसीलला पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा निदान वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. जीप अर्ध्या घाटातून माघारी फिरली तिथेच ते सगळं संपलं. पोलिसांना कुणी कळवलं नाही, कळवायचं कुणाला सुचणार, पोटात दुखून गेलेल्याचा पंचनामा कोण करतं? आमचा फॉर्म गोपनीय असतो, तशी सही आम्हीच त्याच्या आईकडून घेतली होती. तिला वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं की ही माहिती फक्त संशोधनासाठी वापरली जाईल. आणि मला मुळात निदान सांगायची परवानगीच नाही. एक्स-20 हा दोन डॉक्टरांचा अंदाज आहे, लोकसंख्येच्या हिशेबासाठी केलेला. एका माणसाच्या बाबतीत तो पुरावा धरत नाहीत. हे शास्त्र म्हणून बरोबरच आहे. त्याच्यासमोर उभं राहून मात्र ते सांगताना जीभ अडखळते. देशाच्या आकड्यात त्याचा भाऊ साप चावून गेला, आणि तालुक्याच्या कागदात पोट दुखून.

मी त्याला एवढंच म्हटलं की आमचा कागद तिथे चालणार नाही. तो "बरं" म्हणाला आणि भाड्याचे पैसे मोजायला लागला.

त्यानंतर मी ऑफिसात एक मागणी लावून धरली. कारण नाही सांगायचं तर नका सांगू. पण ज्या वाडीत अशी व्हीए होते त्या वाडीला निदान एवढं तरी कळवा, की पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, खाट नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड म्हणजे भगत नाही, 108. मच्छरदाणीचं हे माझ्या मनातलं नाही. नेपाळच्या आग्नेय तराईत अभ्यास झाला, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका कमी आढळला. त्याच भागात दमक नावाच्या ठिकाणी आणखी एक सुंदर काम झालंय: साप चावलेल्याला मोटरसायकलवर मधे बसवून, मागे एकाने धरून, थेट उपचार केंद्रात आणायचं. गावातल्या स्वयंसेवकांनी ते केलं, जोडीला गावोगाव माहिती दिली, आणि सर्पदंशातल्या मृत्यूंचं प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आलं. महागडं काही नाही त्यात. आमच्या वाड्यांत खाट एक वेळ नसेल, पण प्रत्येक वाडीत दोन-चार मोटरसायकली आहेत आणि त्या दामटणारी पोरं आहेत.

ऑफिसचा आक्षेप असा की आम्ही निरीक्षण करणारी संस्था आहोत. आपणच गावात माहिती वाटायला लागलो तर पुढचे मृत्यू बदलतील, आणि मग आपला आकडा बाकीच्या महाराष्ट्रासारखा राहणार नाही. हे वाक्य मी दोनदा ऐकून घेतलं. मृत्यू बदलतील म्हणून सांगायचं नाही, असं ते होतं. बोलणारा माणूस वाईट नाही, त्याला अनुदान देणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. पण गडचिरोलीत ज्यांनी मोजलं त्यांनीच औषधही दिलं, आणि शेजारच्या गावांशी तुलना करून फरकही दाखवला. हे मी बोलले तेव्हा 'ते मोठे लोक' असं उत्तर आलं.

तरी प्रकरण पुढे सरकलंय. नैतिकता समितीने पत्रकाला मंजुरी दिली. अट एवढीच की मुलाखत पूर्ण संपल्यावर द्यायचं, आणि सर्पदंशाचा संशय असलेल्याच नव्हे तर प्रत्येक घरी द्यायचं, म्हणजे कुणाला त्यातून निदान कळल्यासारखं होणार नाही. अट शहाणपणाची आहे. मजकूर मी लिहिला, त्यातला 'नजीकच्या आरोग्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा' हा कुणीतरी घुसडलेला भाग काढून तिथे फोन नंबर घातला. सध्या फाइल अकाउंट्समध्ये आहे. त्यांचं म्हणणं, रंगीत छपाई परवडणार नाही, सापाचं चित्र काळं-पांढरं चालेल का बघा. नाग, घोणस असते तर मी भांडले असते. मण्यार काळीच असते आणि तिच्यावरचे पट्टे पांढरे, त्यामुळे चालेल म्हणून कळवलं आहे.